राब आणि कुंडी

दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरण्याचे काम आमच्या वाड्यात माझ्याकडे असे. दगडविटांच्या ढिगावर जुने गोणपाट टाकायचे, त्यावर चिखलाचा जाड लेप द्यायचा, आणि तो ओला असतानाच अळीव किंवा मोहरी भुरभुरायची. कल्याणच्या पारनाक्याजवळच्या त्या वाड्यात निदान चार किल्ले होत आणि कोणाच्या किल्ल्यावर आधी रान उगवते याची चुरस लागे. तीन-चार दिवसांत हिरवी लव दिसू लागे. मावळे, तोफा, बुरूज सारे त्या हिरवळीत शोभून दिसे. पण भाऊबीज उलटली, की ती हिरवळ पिवळी पडे आणि माना टाकी. पाणी तर मी रोज शिंपडत असे. मग असे का व्हावे? आजीला विचारले तेव्हा ती वाती वळता वळता म्हणाली, “अरे, बी आपली शिदोरी बांधून येतं. ती संपेस्तोवर ते कुठंही उगवतं. पुढं माती लागते.”

हे वाक्य मी विसरूनही गेलो होतो. वाडा पडला, त्या जागी इमारत उभी राहिली, अंगणातले तुळशीवृंदावन गेले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या कुंडीत तुळस आली. दोन वर्षांपूर्वी मनात आले, दसऱ्या-दिवाळीचा झेंडू घरचाच असावा. रोपवाटिकेत गेलो. तिथल्या मुलाने एक गुबगुबीत पिशवी पुढे केली. “काका, तयार माती आहे. कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, सगळं मिसळलेलं. काही घालायला नको.” मी पिशवी हातात घेतली. मातीसारखी ती जडच नव्हती! माझ्यासारख्या जुन्या माणसाला जी माती जड नाही ती माती वाटतच नाही. म्हणून घरी आल्यावर मी शहाणपणा केला: ओळखीच्या गोठ्यातून पाटीभर शेण आणले, ते अर्धेमुर्धे वाळलेले शेण त्यात निम्म्याने कालवले आणि बी पेरले. झेंडू झकास उगवला. आठव्या दिवशी एकेक रोप जमिनीलगत मानेत बारीक होऊन आडवे पडू लागले. दोन दिवसांत सारी पाटी झोपली.

माझे मामा मुरबाड रस्त्यावरच्या एका खेड्यात राहतात. आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना फोनवर हकिकत सांगितली, तर ते हसले. “शहाण्या, कच्चं शेण घातलंस होय? रोपाला राबाची माती लागते. भाजलेली.” आणि मग माझ्या डोळ्यांपुढे एप्रिल-मे महिन्यांतला तो धूर उभा राहिला.

राब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ठाणे जिल्ह्याच्या आणि एकंदर कोकणच्या भातशेतीत बी थेट शेतात पेरीत नाहीत. आधी लहानशा तुकड्यावर रोपे, म्हणजे आवण, तयार करतात आणि पाऊस रुळल्यावर ती उपटून चिखलात लावतात. लावणीच्या क्षेत्राच्या सुमारे दहावा हिस्सा या रोपांसाठी पुरतो. हा दहावा हिस्सा म्हणजे शेतकऱ्याचा जीव की प्राण. उन्हाळ्यात त्यावर शेण पसरायचे, त्यावर झाडांचे टहाळ म्हणजे कवळ, त्यावर गवत आणि पालापाचोळा, आणि सर्वांवर मातीचा पातळ थर. वरच्या या मातीत खरी मेख आहे. तिच्यामुळे जाळ भडकत नाही. वाऱ्याच्या उलट दिशेने आग लावतात, म्हणजे ती पुढे धावत न सुटता हळूहळू सरकत जाते आणि खालची जमीन चांगली भाजून निघते. मामांकडे हे काम संध्याकाळी चाले. आम्ही मुले बांधावर बसून ती लाल रेघ सरकताना पाहत असू. सकाळी तिथे करडा-काळा भुगा उरलेला असे आणि त्यात अनवाणी पाय घातला तर तो घोट्यापर्यंत मऊ लागे.

मौज अशी की खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत राब लागत नाही. तिथे मोड आणलेले भात फेकून पेरतात. त्याला रहू म्हणतात. कल्याण तालुक्यात दोन्ही प्रकार होते. पण गोड्या जमिनीत, डोंगराकडच्या अंगाला, राबावाचून भात नाही अशीच लोकांची श्रद्धा होती.

१८८२ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड प्रसिद्ध झाला. त्यात या राबाचे तपशीलवार वर्णन आहे. सरकारी कागदपत्रांत भाताच्या खाचरांच्या जोडीला ‘वरकस’ जमिनीचा उल्लेख सारखा येतो. वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन. तिच्यावर नाचणी-वरी होई. पण तिचा मोठा उपयोग गवत आणि कवळ मिळण्याचा. म्हणजे एका खाचराच्या मागे एक डोंगरउतार उभा असे, आणि भाताच्या रोपाच्या मुळाशी येणारी पुष्टी तिथून डोक्यावरच्या भाऱ्याने खाली येई. सारे गणित त्या भाऱ्यावर चाले.

हे गणित बिघडले ते जंगल-कायद्याने. १८७८ चा कायदा झाला, राखीव जंगले आखली गेली आणि ज्या ऐनाच्या फांद्या पिढ्यान्‌पिढ्या तोडल्या त्यांनाच हात लावण्याची चोरी झाली. मुंबईची घरे, रेल्वेचे स्लीपर आणि सरपण यांना लाकूड हवे होते, आणि ठाणे जिल्हा त्यांच्या अगदी दाराशी. आगगाडी तर १८५४ सालीच कल्याणला येऊन थडकली होती. जंगल राखणे चूक होते असे मला म्हणायचे नाही. बेसुमार तोड झालीच होती. पण ती कवळ तोडणाऱ्या कुणब्याने केली, की ठेकेदाराने, हा प्रश्न तेव्हाही लोक विचारीत होते. कुऱ्हाडीने झाड पाडणारा आणि कोयत्याने फांदी छाटणारा यांच्यात फरक असतो. छाटलेला ऐन पुन्हा फुटतो.

याच सुमारास, १८८३ साली, महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यात इतर अनेक गोष्टींबरोबर मातीच्या कसाविषयी जे विवेचन आहे ते मला नेहमी थक्क करते. डोंगरावरचा पाला, गवत, फुले, मेलेली जनावरे हे सारे कुजून पावसाबरोबर खालच्या शेतांत उतरत असे आणि जमिनी आपोआप सुपीक होत असत, असे ते मांडतात. जंगलखात्याने ही वाट अडवल्याचा त्यांचा संताप आहे. नद्या-तलावांतला साचलेला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्याला नेऊ द्यावा अशी सूचनाही ते करतात. खत म्हणजे एका जागची वस्तू दुसऱ्या जागी जाणे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. त्यामुळे ती वस्तू कोणाच्या मालकीची, हा प्रश्न त्यांना टाळता येत नव्हता.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली ओरड इतकी वाढली की सरकारने १८८५ साली जंगल कमिशन नेमले; त्याचा अहवाल १८८७ साली आला. भाताच्या इवल्याशा रोपासाठी सरकारला कमिशन बसवावे लागले, ही गोष्ट आज कोणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. वाद दोन बाजूंचा होता. जंगलखात्याचे म्हणणे, राब ही निव्वळ उधळपट्टी: शेण जाळायचे, झाडे ओरबाडायची, हाती राख. लोकांचे म्हणणे, तुम्ही राबाशिवाय रोप करून दाखवा. शेवटी काही अटींवर कवळ तोडण्याची मुभा चालू राहिली. कृषी खात्याचे प्रमुख ओझान यांनी त्या दशकात राबाचे प्रयोगही लावले. पुढे विलायतेहून आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होएल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. हिंदी शेतकऱ्याला काही कळत नाही हा समज या गृहस्थांनी ठामपणे खोडून काढला, म्हणून त्यांचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते.

पण राब का लागतो याचा मुळाशी जाऊन छडा लावला तो पुण्याने. हॅरोल्ड मान हे १९०७ सालापासून पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. पिंपळे सौदागर गावाची पाहणी करणारे मान ते हेच. त्यांनी न. वि. जोशी आणि न. वि. कानिटकर या दोन सहकाऱ्यांबरोबर पश्चिम हिंदुस्थानातील राबपद्धतीवर एक प्रबंध लिहिला. तो सरकारच्या शेतकी खात्याच्या ग्रंथमालेत १९१२ साली छापला गेला. प्रश्न साधा होता: गुण राखेचा की आगीचा? राखेने पोषण मिळते हे तर कोणीही सांगेल. पण त्यांना आढळले की नुसत्या राखेने काम भागत नाही, मातीला आच लागणे हीदेखील स्वतंत्र गोष्ट आहे. तापलेल्या मातीतली अन्नद्रव्ये रोपाला घेता येतील अशी मोकळी होतात, मातीचा पोत सुटा होतो, तिच्यातल्या सूक्ष्म जीवांचा मेळ बदलतो. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ साली असेच दाखवले होते, की माती थोडी तापवली तर पुढे तिच्यात अमोनिया अधिक तयार होतो. आणखी एक फायदा तर माझ्यासारख्या नवशिक्यालाही समजतो. आचेने तणाचे बी मरते आणि रोपाची मान पकडणारी बुरशीही मरते. माझा झेंडू ज्या रोगाने गेला, त्यावर मामांच्या आजोबांनी उपाय शोधलेला नव्हता. त्यांच्याकडे तो आधीपासून होता.

आता जरा लांब जाऊ. लंडनजवळ मर्टन येथे जॉन इनेस यांच्या मृत्युपत्रातून निघालेली एक उद्यानविद्येची संस्था होती. १९३० नंतरच्या दशकात तिथल्या संशोधकांची प्रिम्युलाची रोपे सारखी मरत असत. त्या काळी प्रत्येक माळ्याची कुंडीच्या मातीची स्वतःची पाककृती असे: एका झाडाला एक मिश्रण, दुसऱ्याला दुसरे, आणि त्याची वाच्यता कोठे नाही. विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूएल यांनी कितीतरी मिश्रणे करून पाहिली आणि शेवटी दोनच ठरवली. बियांसाठी दोन भाग माती, एक भाग पीट, एक भाग वाळू. कुंडीसाठी सात भाग माती, तीन भाग पीट, दोन भाग वाळू, आणि वर मोजून खुरा-शिंगांची भुकटी, सुपरफॉस्फेट, पोटॅश आणि थोडा खडू. पण मिसळण्याआधी मातीला वाफ द्यायची. म्हणजे पुन्हा आचच! मुरबाडचा कुणबी जे कवळाने करीत होता, तेच मर्टनला बॉयलरने केले. फरक असला तर तो हिशेबाचा. वाफेने शंभराच्या आतली, मोजलेली उष्णता देता येते. राबात ती अंदाजाने येते आणि शेणातला नत्र धुराबरोबर उडून जातो.

लॉरेन्स आणि न्यूएल यांची पाककृती संस्थेने कोणाला विकली नाही, १९३९ साली छापून टाकली. युद्धाच्या दिवसांत घरोघर भाजी लावणाऱ्या इंग्लिश कुटुंबांना ती फार उपयोगी पडली. आपल्याकडे राबाची कृती कोणी छापली नाही, कारण ती सगळ्यांनाच येत होती.

याच वर्षांत आग न लावता माती समृद्ध करण्याचा मार्ग होळकरांच्या इंदुरात निघाला. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या संस्थेत काम केले, आणि त्यांच्या जोडीला यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ होते. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती, लाकडाची राख हे सारे थराथराने रचायचे, ओल राखायची, दोन-तीनदा उलथापालथ करायची, की तीन महिन्यांत खत. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावे आहेत. पुढे जगभर फक्त हॉवर्ड यांचे नाव घुमले. वाडांचे नाव इंदूरच्या बाहेर किती जणांना ठाऊक असेल? या खताच्या ढिगातही आच असते बरे! चांगला रचलेला ढीग आतून हात पोळेल इतका तापतो आणि तणाचे बी, रोगजंतू त्यात मरतात. म्हणजे राबाचे काम होते, शिवाय शेण जळून जात नाही. माझा पाटीभर शेणाचा उपद्व्याप फसला तो इथेच. मी त्या शेणाला ना आगीची आच दिली, ना ढिगाची.

राबाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. जपानी भातशेतीचा प्रचार १९५० नंतर झाला, तेव्हा खत घातलेले गादीवाफे आले. कोकणात डॉ. ना. के. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. राख तीच, पण तिच्यासाठी झाड तोडावे लागत नाही. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी तर लावणीच काढून टाकली: गादीवाफ्यावर टोकण, ना राब, ना चिखलणी. मामांच्या गावात अजून दोन-चार घरी राब होतो. बाकी खाचरांवर प्लॉटिंगचे खांब आहेत.

आणि आपण शहरवाले? आपल्या कुंडीची पुष्टी कोणत्या डोंगरावरून येते? विलायतेत ती पीटच्या दलदलीतून आली. पीटचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो आणि फावड्याने मात्र तो एका दिवसात हातभर निघतो. आता तिकडे पीट नको अशी चळवळ आहे. आपल्याकडे त्या जागी नारळाच्या काथ्याचा भुसा आला, म्हणजेच कोकोपीट. दक्षिणेत काथ्याच्या कारखान्यांभोवती त्याचे डोंगर साचून कुजत पडत, तेव्हा त्याला कोणी विचारीत नसे. तो पाणी फार चांगले धरतो, हलका असतो, मुळांना हवा देतो. पण त्यात खारटपणा असतो, म्हणून धुऊन घ्यावा लागतो; आणि पोषण म्हणाल तर जवळजवळ नाहीच. पोषण शेणखताने, गांडूळखताने, पेंडीने द्यायचे. त्या मुलाची पिशवी हलकी का, हे मला असे उशिरा कळले. ती खोटी नव्हती. मीच तिच्याकडे मातीची अपेक्षा करीत होतो.

आपला स्वतःचा डोंगर मात्र कल्याणात होता आणि त्याचा धूर सगळ्यांनी गिळला आहे. आधारवाडीची कचराभूमी! दुर्गाडीच्या पलीकडून येताना आधी वास येई आणि मग कल्याण. उन्हाळ्यात तिथे आगी लागत आणि दिवसेंदिवस धुमसत. माझ्या मनात राब आणि ती आग यांची जोडी लागली आहे, ती काही केल्या सुटत नाही. दोन्हीकडे थर, दोन्हीकडे हळू सरकणारा विस्तव. राबाखालून मऊ माती निघे. आधारवाडीत आमच्या घरची केळीची साले, भाजीचे देठ, गणपतीचा दुर्वांचा भारा हे सारे प्लॅस्टिकबरोबर जळत होते आणि खालून काळे पाणी खाडीकडे जात होते. ओला-सुका कचरा वेगळा करा असे नियम २००० साली झाले, २०१६ साली पुन्हा झाले. आमच्या इमारतीत दोन डबे आले ते त्याच्याही पुष्कळ नंतर. २०२१ साली आधारवाडीत कचरा टाकणे बंद झाले. उंबर्डे-बारावे या बाजूंस प्रकल्प चालू झाले. दोन डब्यांना पहिला विरोध करणाऱ्यांत मीही होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. “एवढ्याशा गॅलरीत डबे कुठं ठेवायचे?” असे मी सोसायटीच्या बैठकीत म्हणालो होतो.

कोल्हापूरकडचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे अध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, तो या गॅलरीच्या प्रश्नाला उत्तर देतो. जागा किती याचा हिशेब न करता ऊन किती पडते आणि पालापाचोळा किती मिळतो याचा हिशेब करा, असा त्यांचा गणिती खाक्या. त्यांच्या विचारातून ‘अमृतमाती’ तयार झाली. दहा लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र आणि थोडा गूळ तीन दिवस ठेवायचा. त्या पाण्यात दहापट पाणी घालून वाळका पाला दिवसभर भिजवायचा आणि मातीच्या पातळ थरांबरोबर रचायचा. मग त्यावर निरनिराळे बी पेरून ती कोवळी रोपे कापून परत त्यातच घालायची. माती तयार व्हायला चार-पाच महिने लागतात. मला हे सारे जमले नाही. गोमूत्राच्या वासावरून घरात दोन दिवस अबोला झाला. पण ढिगाचा धडा मी घेतला.

गॅलरीच्या कोपऱ्यात आता भोके पाडलेला एक माठ आहे. त्यात भाजीचे देठ आणि वाळका पाला थराथराने पडतो. पाला कमी पडला की वास सुटतो, एवढेच त्याचे शास्त्र मला कळले आहे. त्याचे खत चाळून दोन भाग माती, एक भाग खत आणि एक भाग धुतलेले कोकोपीट असे मिश्रण मी कुंड्यांना वापरतो. बी पेरायच्या मातीत मात्र खत जवळजवळ घालत नाही. आजीच्या म्हणण्याप्रमाणे त्याची शिदोरी त्याच्यापाशी असते. दुसरी-तिसरी पाने फुटली की मग खाऊ घालायचे. ती पेरणीची माती मी मे महिन्यात काळ्या पत्र्यावर पातळ पसरून, ओली करून, वर पारदर्शक प्लॅस्टिक टाकून महिनाभर उन्हात ठेवतो. मामा म्हणतात, हा ब्राह्मणी राब. म्हणोत.

यंदा झेंडूची सतरा रोपे जगली. दसऱ्याचे तोरण बाजारातूनच आणावे लागले, कारण फुले उशिरा धरली. आता दिवाळीला उमलत आहेत. नातवाने इमारतीच्या जिन्याखाली किल्ला केला आहे आणि त्यावर अळीव पेरला आहे. त्याला ती माती माझ्या माठातली हवी होती. मी पाटीभर दिली. पुढे तुळशीच्या लग्नाआधी कुंडीची माती बदलायची आहे, तेव्हा मामांनी राबातली पिशवीभर माती पाठवण्याचे कबूल केले आहे. एस.टी.ने कोणाच्या तरी हाती येईल. पिशवी जड असेल असे त्यांनी आधीच बजावले आहे.